मेक्सिकोच्या गावांतली रंगीत दारं : पहिल्यांदाच फोटो काढायला निघालेल्यांसाठी

मेक्सिकोला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये दारांचे फोटो सापडतातच. पण त्यातले बरेचसे भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध घाईत उभं राहून काढलेले असतात. अर्ध्या दारावर कडक ऊन, अर्ध्यावर काळीकुट्ट सावली, चौकट एका अंगाला कललेली आणि खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी गाडीचा बंपर. दार सुंदर असतं, फोटोत ते उतरत नाही. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीवर येतं: गावं कमी करा आणि एकाच दारापाशी दुसऱ्यांदा जायची तयारी ठेवा. पहिल्या फेरीत दार बघायचं, त्यावर उजेड कधी आणि कुठून येतो ते टिपायचं. फोटो दुसऱ्या फेरीत.

या गावांमध्ये दारांना एवढं महत्त्व का, ते आधी समजून घ्या, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. स्पॅनिश अमदानीत बांधलेलं घर रस्त्याला आपलं वैभव दाखवत नाही. रस्त्याच्या बाजूला सरळ भिंत, गज लावलेल्या एकदोन खिडक्या आणि एक मोठं दार, बस्स. दारातून आत शिरलं की 'सागुआन' नावाचा आच्छादलेला बोळ लागतो, त्यापुढे उघडा चौक, आणि घराच्या सगळ्या खोल्या त्या चौकाकडे तोंड करून. आपल्याकडचा वाडा आणि त्याची देवडी ज्यानं पाहिली आहे त्याला हे सांगावंच लागत नाही. मोठ्या दरवाज्यात रोजच्या वापराला केलेलं छोटं दारही तिथे दिसतं, अगदी आपला दिंडी दरवाजा. घराला रस्त्याकडून असं एकच तोंड असल्यामुळे रंग, दगडी कोरीवकाम, लोखंडकाम, हौस, जे काही असेल ते सगळं त्या दारापाशी गोळा होतं.

१. आधी गावांचा एक गट निवडा

मेक्सिको भारताच्या साठ टक्क्यांएवढा मोठा देश आहे. 'सगळीकडची थोडी थोडी दारं' असा बेत केलात तर निम्मा वेळ बसमध्ये जाईल. खालच्यांपैकी एक गट घ्या.

ग्वानाह्वातो आणि सान मिगेल दे आयेंदे: देशाच्या मधल्या पठारावरची ही दोन गावं. चांदीच्या खाणींवर वाढलेलं ग्वानाह्वातो एका घळईत वसलंय. घरं उतारावर एकावर एक चढलेली, गुलाबी, हिरवी, जांभळी, निळी, शेजारच्याशी मेळ घालायची कुणाला फिकीर नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की बऱ्याच ठिकाणी गाडी जातच नाही. वाहतुकीचा मोठा भाग जमिनीखालच्या बोगद्यांतून चालतो. फोटो काढणाऱ्याला याचा मोठा फायदा, कारण दारासमोर गाड्या उभ्या नसतात. सान मिगेल अगदी वेगळं. तिथल्या जुन्या भागात भिंती विटकरी, गेरू, मोहरीच्या रंगाच्या, एकमेकींना धरून असलेल्या. दारं मेस्कीट या तिथल्या झाडाच्या जुन्या लाकडाची, घडीव खिळे ठोकलेली, भोवती कोरीव दगडी चौकट. ग्वानाह्वातो १९८८ पासून आणि सान मिगेल २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दोन गावांमध्ये बसचं अंतर साधारण दीड तासाचं.

युकातानकडची, म्हणजे देशाच्या आग्नेयेकडच्या द्वीपकल्पावरची गावं: मेरिदा, इसामाल, बायादोलिद आणि शेजारच्या राज्यातलं कांपेचे. इथे जमीन सपाट, रस्ते पट मांडल्यासारखे सरळ आणि रंग फिके: पिस्ता, आकाशी, पीच, लिंबू. मेरिदात उंच छताच्या घरांना तशीच उंच दोन फळ्यांची दारं. इसामालचा जुना भाग जवळपास सगळाच पिवळा, त्यावर पांढऱ्या कडा. मधोमध सोळाव्या शतकातला सान आंतोनियोचा मठ, तोही पिवळाच, आणि तो प्राचीन माया लोकांच्या एका मंदिराच्या जोत्यावर, त्याचेच दगड वापरून बांधलेला. एकाच रंगाच्या गावात दारांचे फोटो कंटाळवाणे होतील असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. भिंत सगळीकडे तीच राहिल्यामुळे एका दाराचा हिरवा आणि पुढच्या दाराचा उडालेला तपकिरी यांतला फरक डोळ्यांत भरतो. कांपेचे समुद्री चाच्यांच्या भीतीनं तटबंदी घातलेलं शहर. तिथली ५९ क्रमांकाची गल्ली 'समुद्र दरवाज्या'पासून 'जमीन दरवाज्या'पर्यंत सरळ जाते. दारांच्या मालिकेसाठी एवढी सोयीची गल्ली मला दुसरी माहीत नाही.

वाहाका आणि पुएब्ला: वाहाकाच्या जुन्या इमारती हिरवट झाक असलेल्या दगडाच्या, आणि हालात्लाको हा तिथला मोहल्ला फरसबंद गल्ल्या, भित्तिचित्रं आणि भडक दारं यांसाठी प्रसिद्ध. पुएब्लात दाराभोवती विटा आणि तालावेरा प्रकारच्या चकचकीत फरशा. दोन्ही शहरं १९८७ मध्ये वारसा यादीत आली.

याशिवाय दक्षिणेला चियापासमध्ये सान क्रिस्तोबाल दे लास कासास आहे, पश्चिमेला पात्स्क्वारो आहे. पात्स्क्वारोत भिंती पांढऱ्या आणि खालचा पट्टा गडद तांबडा, गावभर एकच शिस्त. हा खालचा पट्टा इतर गावांतही दिसेल. पावसाचे शिंतोडे आणि चिखल उठून दिसू नये म्हणून तो गडद रंगवतात. फोटोत तो कापू नका. त्याच्याशिवाय दार हवेत तरंगल्यासारखं दिसतं.

पहिल्या खेपेला माझी शिफारस: एक तर ग्वानाह्वातो आणि सान मिगेल, नाहीतर मेरिदात मुक्काम ठेवून इसामाल आणि कांपेचे. राजधानी मेक्सिको सिटीत येता-जाता एखादा दिवस मिळाला तर कोयोआकान भागातल्या फ्रांसिस्को सोसा रस्त्यावर सकाळी चाला. 'पुएब्लोस माहिकोस' म्हणजे 'जादुई गावं' हा सरकारी शिक्का बऱ्याच गावांच्या नावापुढे दिसेल. २००१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आता १७० हून जास्त गावं आहेत. पर्यटकांसाठी सोयी असतील एवढाच त्याचा अर्थ घ्या. चांगली दारं शिक्का नसलेल्या गावांतही भरपूर आहेत.

२. महिना ठरवा

मेक्सिको सिटी साधारण १९ अक्षांशावर, मेरिदा आणि ग्वानाह्वातो २१ च्या आसपास. म्हणजे मुंबई ते नागपूर हा पट्टा. त्यामुळे महाराष्ट्रात फोटो काढणाऱ्याला सूर्याची चाल वेगळी शिकावी लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, दक्षिणमुखी दारांवर बराच वेळ ऊन असतं, उत्तरमुखी दारं दिवसभर सावलीत. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेकडच्या भिंतींना ऊन तिरपं घासून जातं. लाकडाचे पोपडे, गिलाव्याच्या चिरा, खिळ्यांची डोकी उठावदार दिसतात ती त्याच उन्हात.

पाऊस साधारण जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि पठारावर तो बहुतेकदा दुपारनंतर कोसळतो. सकाळ मोकळी मिळते. सर उतरल्यावरचा अर्धा तास सोडू नका, ओल्या फरसबंदीत दारांच्या रंगांचं प्रतिबिंब पडतं. युकातानमध्ये एप्रिल-मे टाळा, उकाड्यानं जीव नकोसा होतो. पठारावरची गावं दीड ते अडीच हजार मीटर उंचीवर आहेत. हिवाळ्यात पहाटे चांगलीच थंडी असते आणि पहिल्या दिवशी चढावर दम लागतो.

घड्याळाचा एक सापळा: मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायची पद्धत, बंद केली, फक्त अमेरिकेच्या सीमेजवळचे काही भाग सोडून. जुन्या माहितीतल्या सूर्योदयाच्या वेळांवर विसंबू नका. दुसरा सापळा: कांकून ज्या राज्यात आहे तिथलं घड्याळ युकातानपेक्षा एक तास पुढे. कांकूनला उतरून बायादोलिदला निघालात तर वाटेत वेळ बदलते. परतीच्या प्रवासात हा तास विसरला की विमान चुकतं.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट, आणि व्हिसा. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन गटातल्या देशांचा वैध व्हिसा असेल, किंवा तुम्ही तिथले कायम रहिवासी असाल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा मागत नाहीत. तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघा.
- अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी खास: पासपोर्टातला एच-वन-बीचा शिक्का संपलेला असेल तर नुसत्या आय-७९७ या मंजुरीच्या कागदावर मेक्सिकोत प्रवेश मिळत नाही. त्याला व्हिसा समजत नाहीत.
- ट्रान्झिट. अमेरिकेतून विमान बदलायचं तर अमेरिकेचा व्हिसा लागतोच. युरोपातले काही देश भारतीय पासपोर्टला नुसतं विमान बदलायलाही व्हिसा मागतात. स्वस्त तिकिटाचा मोह इथे महागात पडतो.
- परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, प्रवासविम्याचा कागद. तिन्ही छापून ठेवा.
- कॅमेऱ्याची आणि लेन्सची बिलं, अनुक्रमांकांसह, फोनमध्ये. पर्यटकाला दोन कॅमेरे आणि एक लॅपटॉप करमुक्त नेता येतो. त्याहून जास्त दिसलं तर कस्टमवाले कर मागू शकतात.

विमानतळावरचा अधिकारी शिक्क्यावर किती दिवस राहता येईल ते लिहितो. जास्तीत जास्त १८० मिळतात, पण मिळतीलच असं नाही. काउंटरवरून हलण्याआधी आकडा वाचा.

४. सामान कमी ठेवा

एक कॅमेरा आणि ३५ किंवा ५० मिमीची एक लेन्स एवढ्यात बहुतेक काम होतं. अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा नसते, तिथे जास्त रुंद दृश्य टिपणारी २४ किंवा २८ मिमीची उपयोगी पडते. चांगला फोनही चालतो, फक्त त्याची अतिरुंद लेन्स दारांसाठी वापरू नका. ती चौकटीच्या रेषा वाकवते. पोलरायझर फिल्टर मात्र जरूर घ्या. ऑइल पेंट मारलेल्या दारावर आणि चकचकीत फरशांवर आकाशाची जी पांढरट झाक येते ती त्यानं कापली जाते आणि खालचा खरा रंग दिसतो. ट्रायपॉड घरीच ठेवा. फुटपाथ हातभर रुंद असतात, लोकांच्या पायात येतो.

जाड तळव्याचे बूट हवेत, कारण फरसबंदी उंचसखल आणि पावसात निसरडी. तिथली वीज १२७ व्होल्टची, प्लगला दोन चपट्या पिना. आपले चार्जर बहुतेक चालतात, अडॅप्टर लागतो. युकातानमध्ये वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आलं की लेन्सवर वाफ धरते. निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच खोलीबाहेर ठेवा, पुसत बसावं लागत नाही. आणि खिशात छोटी वही. का, ते पुढच्या पायरीत.

५. पहिली फेरी: कॅमेरा पिशवीत

गावात पोचलात की पहिल्या दिवशी फक्त चाला. आवडलेल्या प्रत्येक दारासाठी वहीत चार गोष्टी लिहा: कुठल्या गल्लीत, दाराचं तोंड कुठल्या दिशेला (फोनमधलं होकायंत्र पुरे), समोर काय अडथळा आहे, आणि समोरची भिंत कुठल्या रंगाची. मेरिदात दिशा ओळखणं सोपं आहे. सम क्रमांकाचे रस्ते साधारण उत्तर-दक्षिण जातात, विषम पूर्व-पश्चिम. म्हणजे सम रस्त्याच्या पश्चिमेकडच्या बाजूची दारं पूर्वेला बघतात, त्यांना सकाळचं ऊन. ग्वानाह्वातोत असा हिशेब चालत नाही. घळईमुळे काही गल्ल्यांत सूर्य उगवल्यावर तासभरानंतरही ऊन पोचत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

समोरच्या भिंतीचा रंग का लिहायचा? कारण अरुंद गल्लीत दार सावलीत असताना त्यावर पडणारा उजेड बराचसा समोरच्या उन्हातल्या भिंतीवरून उसळून आलेला असतो. समोर पिवळी भिंत असेल तर निळं दार हिरवट दिसतं, समोर पांढरी असेल तर स्वच्छ. तेच दार सकाळी एक आणि दुपारी दुसरं दिसतं ते यामुळेच. सान मिगेलमध्ये तांबड्या भिंतीसमोरच्या जुन्या लाकडी दारावर दुपारी जो ऊबदार उजेड येतो तो कुठल्याही फिल्टरनं आणता येत नाही. दारांसाठी मला थेट उन्हापेक्षा सावलीतला हा उसळून आलेला उजेड जास्त भरवशाचा वाटतो. रंग फाटत नाहीत आणि लाकडाचा पोत मऊपणे दिसतो.

अडथळ्यांचंही वेळापत्रक असतं. रात्री लावलेल्या गाड्या पहाटे तशाच असतात, त्यामुळे गाड्यांच्या रस्त्यावर सूर्योदयाला पोचून उपयोग नाही. लोक कामाला गेले की जागा मोकळी होते. रविवारी सकाळी मात्र गल्ल्या शांत. दुकानाचं दार असेल तर दुकान उघडण्याआधी या, एकदा उघडलं की फळ्या आत जातात आणि त्यांच्यावर माल लटकतो. कचऱ्याची गाडी यायच्या आधी एक माणूस घंटा वाजवत गल्लीतून जातो आणि घराघरातून लोक पिशव्या घेऊन बाहेर येतात. त्या काही मिनिटांत मोठी दारं उघडी असतात, चौकातली कुंडी, जिना, क्षणभर सगळं दिसतं. फोटो नाही काढला तरी बघायला उभं राहावं असा तो वेळ आहे. सकाळी बरीच घरं आपल्या दारापुढचा फुटपाथ झाडून पाणी मारतात. त्यानंतर दाराचा पायथा ओला आणि गडद दिसतो, तो फोटोला फार शोभतो.

६. आता फोटो

दारासमोर अगदी काटकोनात उभे राहा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जाळीच्या रेषा चालू करा आणि चौकटीची उभी कड एका रेषेला लावा. उंच दारासाठी कॅमेरा वर कलवला की दार वरच्या बाजूला निमुळतं होतं. त्यापेक्षा समोरच्या फुटपाथवर, शक्य तेवढं मागे सरका आणि कॅमेरा दाराच्या मध्यापर्यंत उंच धरा. समोरच्या घराच्या दारात पाठ टेकून उभं राहायला जागा मिळते, पण तिथल्या माणसाला विचारून. चारही बाजूंना थोडी जागा जास्त सोडा, नंतर सरळ करताना कडा कापल्या जातात.

गडद दार आणि उजळ भिंत ही जोडी कॅमेऱ्याला गोंधळवते. इसामालच्या पिवळ्या भिंतीसमोर तो सगळंच काळवंडवतो, तिथे उजेड थोडा वाढवा. लाल आणि नारिंगी दारांची खोड वेगळी: एकूण उजेड ठीक दिसतो, पण लाल रंग आधीच कॅमेऱ्याच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि दार पोत नसलेला लाल डाग होऊन बसतं. लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा आणि लाल उजव्या कडेला आदळत असेल तर उजेड कमी करा. फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) ठेवा, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ऑटोवरून काढून एका जागी पक्का करा. नाहीतर एकाच गल्लीतल्या दहा दारांची मालिका दहा वेगवेगळ्या छटांत येते. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ च्या आसपास असू द्या.

पूर्ण दार काढून झालं की जवळ जा. एखाद्या जुन्या दाराचा खालचा हातभर भाग नीट बघा. वरचा हिरवा रंग सुटलाय, त्याखाली निळा, त्याखाली उघडं राखाडी लाकूड. पावसाच्या शिंतोड्यांनी फळीची कड दातेरी झालेली. दगडी उंबरठा मधोमध पायांनी झिजून खोलगट. वर हाताच्या पंजाच्या आकाराची कडी, बोटांपाशी पितळ लखलखीत आणि मनगटापाशी काळपट, कारण धरतात तिथेच ती घासली जाते. घराला आजवर कितीदा रंग लागला, लोक ये-जा कुठून करतात, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

विजेचा मीटर, लोंबत्या तारा, घर क्रमांकाची फरशी, दारावरचे कागद यांना फोटोतून हाकलू नका. गॅरेजच्या दारांवर 'इथे गाडी लावल्यास टायर मोफत पंक्चर करून मिळतील' अशा अर्थाची पाटी दिसेल, ती मेक्सिकोत सर्रास असते. 'हे घर कॅथलिक आहे' असं सांगणारं स्टिकरही बऱ्याच दारांवर असतं. दार वापरात आहे हे अशाच गोष्टींतून कळतं.

७. दारामागच्या माणसांशी

रस्त्यावरून घराच्या बाहेरचा फोटो काढायला परवानगी लागत नाही. पण छोट्या गावात नमस्कार न करता कुणाच्या दारापुढे कॅमेरा रोखणं उद्धटपणाचं मानलं जातं. दुपारपर्यंत 'बुएनोस दिआस', नंतर 'बुएनास तार्देस'. माणूस दिसला तर विचारा: 'पुएदो तोमार्ले उना फोतो आ सु पुएर्ता?' म्हणजे तुमच्या दाराचा फोटो काढू का. 'के बोनिता पुएर्ता', किती सुंदर दार, एवढं म्हटलं तरी चेहरा खुलतो. नाही म्हणाले तर 'ग्रासिआस' म्हणून पुढे जा, लांबून झूम करून काढू नका. हो म्हणाले तर काढलेला फोटो लगेच दाखवा. बऱ्याचदा तेच सांगतात की रंग कधी दिला, लाकूड कुणाच्या वेळचं आहे.

दारात बसलेली आजी, टेकून उभा असलेला फेरीवाला फोटोत येत असेल तर प्रत्येकाला वेगळं विचारा. माणसाचा चेहरा छापायला त्याची संमती लागते असा तिथला कायदाही आहे. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच. कडी वाजवून बघू नका, पायरीवर बसू नका, उघड्या दारातून आत कॅमेरा घालू नका.

आणि एक गोष्ट ओळखायला शिका. दाराच्या वरच्या बाजूला काळ्या फितीची मोठी गाठ बांधलेली दिसली तर त्या घरात मृत्यू झालेला आहे. रंगीत दारावर ती गाठ फार उठून दिसते, हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. तिथे कॅमेरा खाली करा, आवाज खाली करा आणि चालत राहा.

८. दारं उघडतात ते दिवस

गुड फ्रायडेच्या आदल्या शुक्रवारी ग्वानाह्वातो आणि सान मिगेलमध्ये येशूची आई, शोकाकुल मारीया, हिच्यासाठी घराघरात वेदी मांडतात. सान मिगेलमध्ये संध्याकाळी कित्येक घरांची दारं, खिडक्या रस्त्याकडे उघडी असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सरबत किंवा बर्फाचा गोळा देतात, ते मारीयेचे अश्रू म्हणून. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचे दिवस. त्या वेळी दारांवर झेंडूच्या कमानी चढतात आणि काही घरांपुढे रस्त्यापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, गेलेल्या माणसाला आपलं घर सापडावं म्हणून. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा इथलाच. वाहाकात या दिवसांत हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. १६ ते २४ डिसेंबर 'पोसादा': लोक मिरवणुकीनं दारोदार जाऊन गाण्यातून आसरा मागतात, आतले गाण्यातूनच नकार देतात, शेवटी एक दार उघडतं. या तिन्ही वेळा फ्लॅश पिशवीत ठेवा. मेणबत्त्यांच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवून जेवढं येईल तेवढं घ्या.

९. जिथे मनाई आहे

- सान क्रिस्तोबालजवळच्या सान हुआन चामुला या गावी चर्चच्या आत फोटो काढायला सक्त मनाई आहे. बाहेरही धार्मिक विधी आणि पदाधिकारी यांच्यावर कॅमेरा रोखू नका. लोक हे फार गांभीर्याने घेतात.
- पुरातत्त्व स्थळांवर आणि सरकारी संग्रहालयांत ट्रायपॉड किंवा व्यावसायिक चित्रणासाठी राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेची परवानगी लागते. ड्रोन तिथे चालत नाही. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी करावी लागते आणि परदेशी पर्यटकाला ती अवघड. आणूच नका.
- कोयोआकानमधलं चित्रकार फ्रीडा काहलोचं निळं घर आत बघायचं तर वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. बाहेरच्या भिंतीचा आणि दाराचा फोटो हवा असेल तर उघडण्याआधी पोचा, नंतर दिवसभर रांग असते.
- मॉडेल, लाइट, लग्नाचे कपडे असं काही घेऊन रस्त्यावर चित्रण करायचं असेल तर नगरपालिकेत आधी विचारा.
- पोलीस किंवा लष्कराच्या नाक्याचा फोटो नको. गावागावांतला बसप्रवास दिवसाउजेडी करा.

१०. घरी आल्यावर

आधी उभ्या-आडव्या रेषा सरळ करा, मग रंग. रंगांची तीव्रता वाढवायचा मोह होईल, तो आवरा. ही दारं मुळातच भडक आहेत, आणखी चढवलं की चुन्याच्या भिंतीचा मऊ, पावडरीसारखा पोत मरतो आणि सगळं प्लास्टिकचं दिसू लागतं. शंका आली तर त्याच फोटोतला पांढरा चुना किंवा राखाडी दगड बघा. तो पांढरा किंवा राखाडी दिसत असेल तर रंग बरोबर आहेत. लोकांना दाखवताना गाव आणि गल्ली सांगा, पण घर क्रमांक आणि फोटोतलं अचूक ठिकाण काढून टाका. तिथे कुणीतरी राहतं. ज्यांनी पत्ता दिला असेल त्यांना एक प्रिंट पाठवा, नाहीतर फोनवर फोटो. वहीतल्या नोंदी फोटोंच्या नावांना जोडून ठेवल्या तर पुढच्या खेपेला त्याच गल्लीत कुठल्या वेळी उभं राहायचं ते हुडकत बसावं लागत नाही.